अर्ध्या इंचाचा संसार

काकूंच्या नवऱ्याला कचेरीत सगळे अर्धा इंची म्हणत. पाठीमागे म्हणत आणि तोंडावरही म्हणत. दुसऱ्या कोणाला राग आला असता, पण या गृहस्थाला अभिमान वाटायचा. घरी येऊन तो काकूंना सांगायचा, "आज साहेबसुद्धा म्हणाले, अर्धा इंचीला विचारा." काकू "हो का?" म्हणायच्या आणि भाजी चिरत राहायच्या.

नाव पडलं होतं ते कामावरून. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तो स्टोअरकीपर होता. जाळीच्या दाराआड एक लांबलचक खोली, तिच्यात पाइप, एल्बो, सॉकेट, नळ असं सगळं रचून ठेवलेलं, आणि दाराच्या तोंडाशी टेबल टाकून स्वारी बसलेली. कोणी एक इंची पाइप मागायला आला की त्याच्या पोटात दुखायला लागायचं. "एक इंची कशाला? अर्ध्या इंचीत भागतं की!" समोरच्याने वाद घातलाच तर त्याच्याकडे एक ठेवणीतला प्रयोग होता. तो उठायचा, त्या माणसाला अंगणात न्यायचा, झाडांना पाणी घालायची रबरी नळी उचलायचा, तिच्या तोंडावर अंगठा दाबायचा आणि धार थेट कुंपणापर्यंत उडवून दाखवायचा. "पाहिलंत? तोंड बारीक केलं की जोर वाढतो. साधं शास्त्र आहे." समोरचा माणूस ओल्या चपलांनी अर्धा इंची पाइप घेऊन निघून जायचा. वाद घालत बसण्यापेक्षा ते परवडायचं.

हे शास्त्र कचेरीतच राहिलं असतं तर काकूंचं काही बिघडलं नसतं. पण पुढे त्याने घर बांधलं.

घर बांधताना प्लंबरने सांगितलं होतं, गच्चीवरच्या टाकीतून खाली येणारी लाइन तरी मोठी घ्या, हवं तर नळापाशी बारीक करू. त्यालाही अंगणात नेऊन नळीचा प्रयोग दाखवण्यात आला. प्लंबर हुशार होता. त्याने मान डोलावली, सांगितलं तसं टाकलं, आणि पुन्हा त्या रस्त्याला फिरकला नाही. टाकीपासून स्वयंपाकघरापर्यंत सगळा पाइप अर्धा इंची, त्यातही भिंतीचे कोपरे चुकवत, खिडकीला वळसा घालत, एकामागून एक वळणाचे एल्बो टाकत आणलेला. गच्चीवर टाकी काठोकाठ भरलेली असायची आणि काकूंच्या नळाला सुतळीएवढी धार यायची. न्हाणीघरात कोणी नळ सोडला की तीही बंद.

नव्या घरात पहिला स्वयंपाक करताना काकूंनी पातेलं नळाखाली लावलं, तांदूळ निवडले, कांदे चिरले, लसूण सोलला आणि मग पातेल्यात डोकावून पाहिलं. ते अर्धंही भरलं नव्हतं. त्यांनी नवऱ्याला हाक मारली. त्याने बायकोलाही कौतुकाने अंगणात नेलं आणि अंगठा लावून धार उडवली.

"अहो, ते कळलं," काकू म्हणाल्या, "पण बादली भरत नाही."

"बादलीचा इथे काय संबंध? मी जोराबद्दल बोलतोय."

त्या दिवशी काकूंना कळून चुकलं की आपण कोणाच्या गळ्यात पडलो आहोत.

त्यानंतर काकूंचा सगळा दिवस त्या धारेच्या तालावर चालायला लागला. उजाडण्याआधी उठून बादली लावायची, मग पिंप, मग घागर, मग पातेली, एक झालं की दुसरं. भांडी घासायची तर मगातल्या पाण्याने, कारण नळाखाली काही ना काही भरत असायचंच. पाहुणे आले की त्यांच्याशी बोलताना काकूंचा एक कान स्वयंपाकघरात असायचा. बादली भरत आली की आवाज बदलतो, तो त्यांना पलीकडच्या खोलीतूनही कळायचा. आणि ज्याने हे करून ठेवलं होतं त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं. स्वारी उठायची तेव्हा न्हाणीघरात बादली भरलेली असायची. खुर्चीशेजारी तांब्या भरलेला असायचा. त्याने या घरात नळाखाली भांडं म्हणून कधी लावलं नव्हतं. मग बादली भरायला किती वेळ लागतो हे त्याला कळणार कुठून?

काकूंनी सांगून पाहिलं, रागावून पाहिलं, अबोलाही धरून पाहिला. अबोला तर त्याच्या लक्षातच आला नाही. शेवटी त्यांनी हात टेकले. तिरस्कार मात्र त्यांनी जपून ठेवला, लोणच्यासारखा, आणि तो मुरत गेला. नवरा पाहुण्यांपुढे शहाणपण पाजळायला लागला की काकू दारात उभ्या राहून गोड आवाजात म्हणायच्या, "ऐका हं नीट, असं पुन्हा कोणी सांगायचं नाही." पाहुणे हसायचे, अर्धा इंचीला ती तारीफ वाटायची.

एकदा मात्र हे सगळं काकूंच्या जिव्हारी लागलं. मुलगी तान्हं बाळ घेऊन राहायला आली होती. दुपट्यांचा ढीग पडायचा आणि नळाला ती सुतळी. मायलेकी दोघी आलटूनपालटून नळापाशी उभ्या. बाळाच्या आंघोळीची वेळ झाली की स्वारी नेमकी हातपाय धुवायला न्हाणीघरात शिरायची, आणि स्वयंपाकघरात नळ कोरडा. ठरल्यापेक्षा कितीतरी आधी मुलीने बॅग भरली. "आई, रागावू नकोस. तिकडे निदान नळाला पाणी आहे." जावई गाडी घेऊन आला तेव्हा अर्धा इंची त्याला अंगणात प्रयोग दाखवत होता. त्यानंतर मुलगी यायची ती सकाळी यायची आणि संध्याकाळी जायची. नातू आता धावायला लागला होता, पण आजीच्या घरी तो एकदाही झोपलेला नव्हता.

मग अर्धा इंची निवृत्त झाला. कचेरीतल्यांनी निरोप म्हणून त्याला एक भलीमोठी काचेची टाकी दिली, मासे पाळायची. खरं तर ती हेडक्लार्कच्या घरी अडगळीत पडून होती आणि त्याच्या बायकोने ती घराबाहेर काढायचा हुकूम सोडला होता. पण भाषणात तो म्हणाला, "ज्याने आयुष्यभर पाण्याची सेवा केली त्याला पाण्याचीच भेट." अर्धा इंचीचे डोळे भरून आले. टाकी बाहेरच्या खोलीत खिडकीखाली आली, आणि काकूंची शिवणाची मशीन तिथून उठून बोळात गेली.

टाकीची रचना अशी होती की काचेची मोठी टाकी वर, तिच्याखालच्या कपाटात एक लहान टाकी. वरचं पाणी पाइपातून खाली उतरायचं, खालच्या टाकीत गाळलं जायचं, आणि तिथला पंप ते पुन्हा वर चढवायचा. अर्धा इंचीने दुकानातला सगळ्यात दांडगा पंप आणला. खोक्यावर तो तासाला किती पाणी फेकतो हे छापलेलं होतं. तो आकडा त्याने येईल त्याला वाचून दाखवला, दूधवाल्यालासुद्धा. पंपाचं तोंड होतं एक इंची. त्यावर याने तोंड लहान करणारा सांधा चढवला आणि घरात पडून असलेला अर्धा इंची पाइप लावला. वरती नेताना, दिसायला बरं म्हणून, चार ठिकाणी वळवला. पाणी खाली उतरायलाही अर्धा इंचीच.

"आता बघ जोर," तो म्हणाला आणि त्याने बटण दाबलं.

पंप घुमायला लागला. कपाटाची दारं थरथरायला लागली. आणि वरच्या टाकीत, काकूंच्या चांगल्या ओळखीची, सुतळीएवढी धार पडायला लागली. काकू दारात उभ्या होत्या. त्या इतकं मनापासून बऱ्याच वर्षांत हसल्या नव्हत्या.

"हसायला काय झालं?"

"काही नाही. बादली आणू का लावायला?"

माशांमध्ये एक मोठी केशरी मासोळी होती. तिचं नाव त्याने राणी ठेवलं. लग्न झाल्यापासून काकूंना "अगं" याच्यापुढे हाक नव्हती, आणि कपाटावरच्या मासोळीला "राणी, जेवलीस का गं?" म्हणून विचारणं सुरू झालं. काकूंनी तेही ऐकून घेतलं. नवरा खुर्ची ओढून टाकीसमोर बसायचा आणि त्याचा जीव तिच्यात रमायचा, हे त्यांना दिसत होतं. या माणसाला जीव लावता येतो ही बातमी त्यांना नवीन होती.

आठवडा उलटला नसेल, पाणी गढूळ व्हायला लागलं. पाणी फिरतच नव्हतं तर गाळलं काय जाणार? शिवाय पंप तापून तापून टाकीतलं पाणी कोमट करत होता. मासे तळ सोडून वर आले. राणी पाण्याच्या वर तोंड काढून आ वासायची, मिटायची, पुन्हा आ वासायची. अर्धा इंची कासावीस झाला. जेवण जाईना, झोप लागेना. त्याने आणखी दांडगा पंप आणला. धार तेवढीच राहिली, घुमणं मात्र दुप्पट झालं. मग तो धावत माशांच्या दुकानात गेला, आणि काकूंनाही बरोबर नेलं, कारण पिशवी कोण धरणार?

दुकानदार तोंडात पेन्सिल धरून एका पेटीत पाणी ओतत होता. त्याला असली गिऱ्हाइकं रोजची होती. "पाइप कितीचा लावलात?"

"अर्धा इंची."

"पंपाचं तोंड एक इंची आणि पाइप अर्धा इंची? अहो काका, पंपाने ढकलायचं कुठे? तोंडाएवढा तरी पाइप लावा, एक माप मोठा लावलात तर आणखी बरं. वळणं कमी करा, प्रत्येक वळणाला पाणी मार खातं. आणि तो खोक्यावरचा आकडा सोडा, तो पंप पाइपाविना नुसता पाण्यात ठेवला तरचा. तुमचं पाणी वर चढायचंय."

"पण तोंड बारीक केलं की जोर..."

"धार लांब जाते हो. पण पाणी किती येतं? बादली लावून बघा."

काकूंना वाटलं, आता हा माणूस म्हणणार, बादलीचा काय संबंध. पण अर्धा इंचीने मान डोलावली, एखादा विद्यार्थी डोलावेल तशी. "बरोबर आहे," तो म्हणाला. "बादलीच लावून बघायला हवी." काकूंच्या हातातली पिशवी खाली पडता पडता राहिली. जे आपण घसा कोरडा होईपर्यंत सांगितलं ते एका परक्या माणसाने पेन्सिल चावत एकदाच सांगितलं आणि ते पटलं! राग आला, त्याहून जास्त अपमान वाटला.

निघताना दुकानदार म्हणाला, "खाली उतरणारा पाइप त्याहूनही मोठा ठेवा बरं का. वर जाणाऱ्याला पंप ढकलतो, खाली येणाऱ्याला ढकलायला कोणी नाही." पण अर्धा इंची तोवर दाराबाहेर पडला होता. पाणी खाली आपोआप येतं, त्यात शिकण्यासारखं काय असणार?

घरी येऊन त्याने वर जाणारा पाइप एक इंची केला, वळणं काढून टाकली, बटण दाबलं. धबधबा पडायला लागला. राणी दचकून कोपऱ्यात गेली. स्वारीने टाळ्या वाजवल्या. खाली उतरायला मात्र तोच जुना अर्धा इंची. पाणी येत होतं घागरीने आणि जात होतं चमच्याने. बघता बघता टाकी काठोकाठ भरली, काठावरून ओसंडली, आणि बाहेरच्या खोलीत पाणीच पाणी झालं. बोळातल्या मशीनच्या पायांपर्यंत गेलं. पुसायला अर्थात काकू. फडकं पिळून घ्यायला त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि नळ सोडला, तर सुतळी. बाहेर गुडघ्याला पाणी लागायची वेळ आली होती आणि इथे फडकं धुवायला पाणी नव्हतं. त्या नळाकडे बघत उभ्या राहिल्या आणि त्यांना रडू येतंय की हसू हे त्यांचं त्यांनाच कळेना.

दुसऱ्या दिवशी खाली उतरणारा पाइपही बदलला, दीड इंची. आता पाणी जेवढं वर जायचं तेवढं बिनबोभाट खाली यायचं. टाकी स्वच्छ झाली. राणी तळाशी जाऊन शेपूट हलवायला लागली. एक इंची पाइपाचा चांगला लांब तुकडा उरला होता.

त्याच दुपारी मुलीचा फोन आला. सुट्टी होती, नातू आजीकडे राहायचं म्हणून हट्ट धरून बसला होता. "येईन गं आई, चांगली राहायलाच येईन. पण पाण्याचं काही केलंत का?"

"करते," काकू म्हणाल्या. फोन ठेवून त्या बाहेरच्या खोलीत आल्या. अर्धा इंची उरलेला पाइप कागदात गुंडाळत होता.

"अहो, तेवढा पाइप स्वयंपाकघराच्या लाइनीला लावून टाका ना. बाहेरच्या भिंतीवरून सरळ आणला तर पुरेल. पोरगी राहायला येतेय."

"छे छे," तो म्हणाला. "हा टाकीसाठी राखून ठेवलाय. उद्या इथला फुटला तर? राणीला एक तासही पाण्यावाचून ठेवून चालणार नाही." त्याने पुडकं टाकीखालच्या कपाटात, अगदी मागे सरकवलं. "आणि तुझं कुठे अडतंय? इतकी वर्षं चाललंय की."

काकू तिथेच उभ्या राहिल्या. या माणसाला कळत नाही, अशी त्यांनी आजवर मनाची समजूत घातली होती. मूर्ख आहे, पण वाईट नाही. आता त्याला कळलं होतं. कळूनही पाइप कपाटात गेला होता.

पुढच्या रविवारी संध्याकाळी हेडक्लार्क आणि कचेरीतले आणखी दोघं टाकी बघायला आले. अर्धा इंची टाकीशेजारी छडी घेऊन उभा राहिला. "लोकांना वाटतं पाइप बारीक केला की जोर वाढतो," तो म्हणाला. "साफ चूक! पंपाचं तोंड केवढं, पाणी किती उंच चढायचंय, वळणं किती, सगळं बघून पाइप घ्यायचा. जिवंत जीव आहेत. त्यांना पाणी पुरायला नको?"

हेडक्लार्कने एक भुवई उंचावली, पण फुकटचा चहा मिळायचा होता म्हणून तो गप्प बसला. चहा काही येईना. विषय संपले. एकाने घड्याळ पाहिलं.

"अगं, चहाचं काय झालं?"

"पाणी भरतंय," आतून आवाज आला.

"एवढा वेळ?"

काकू बाहेर आल्या. हातात ट्रे होता आणि ट्रेमध्ये रिकामे कप. त्यांनी तो टीपॉयवर ठेवला, पदराला हात पुसले, आणि जेवायला वाढताना बोलाव्यात तितक्या सहज आवाजात म्हणाल्या, "ही मासोळी हुशार हो. वर येऊन चार दिवस तोंड उघडं टाकून बसली आणि तिला एक इंची पाइप मिळाला. मला ते सुचलंच नाही. मी आपली उभी राहून पातेली भरत बसले."

हेडक्लार्क उठून थेट स्वयंपाकघरात गेला. परत आला तेव्हा तो हसत नव्हता. "अरे, ती लाइन तू टाकलीस?" एवढंच म्हणून त्याने टोपी उचलली. बाकीचे दोघंही त्याच्या मागोमाग निघाले.

दार लागलं. अर्धा इंचीचा चेहरा पडला होता. "चारचौघांत असं बोलायचं?"

"उद्या पोरगी येतेय," काकू म्हणाल्या. "पिंप, बादल्या, पातेली सगळी रिकामी आहेत. मी सकाळपासून एकही भरलेली नाही. ती तुम्ही भरायची, आज आणि पुढेही."

"मी?"

"बसून भरता यायचं नाही. मी पाहिलंय."

आणि त्या त्याच्या खुर्चीत बसल्या. लग्न झाल्यापासून प्रथमच त्या खुर्चीत बसल्या आणि ती चांगली मऊ निघाली. राणी काचेपाशी येऊन त्यांच्याकडे बघायला लागली. पाणी बिनबोभाट वर जात होतं, बिनबोभाट खाली येत होतं. स्वयंपाकघरात बादली आपटल्याचा आवाज झाला, मग नळाचा पिळा करकरला, आणि मग बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही.

"अगं," शेवटी आतून हाक आली, "भरतच नाहीये ही! किती वेळ उभं राहायचं माणसाने?"

काकूंनी पाय लांब केले.

"अंगठा लावा," त्या म्हणाल्या. "जोर वाढतो."